कांगारू बेटावरचे काळे काकाकुवे संपलेले नाहीत

'ऑस्ट्रेलियातल्या वणव्यात काळा काकाकुवा कायमचा नामशेष झाला' असा एक मेसेज जळक्या जंगलाच्या फोटोसह पुन्हा फिरतोय. तो चुकीचा आहे.

हा पक्षी म्हणजे ग्लॉसी ब्लॅक कॉकटूची एक उपजात. दक्षिण ऑस्ट्रेलियात आता ती फक्त कांगारू बेटावर उरली आहे. समोरच्या मुख्य भूमीवरून ती आधीच गेली. २०१९-२० च्या वणव्यात जवळपास निम्मं बेट जळलं आणि त्यात या पक्ष्यांचं बरंच खाद्यही गेलं, एवढं खरं. पण पक्षी वाचले, आणि नंतरच्या गणनेतही ते शेकड्यांनी दिसले. म्हणजे सगळं आलबेल आहे असंही नाही. देशाच्या कायद्यानुसार ही उपजात आजही 'संकटग्रस्त' आहे.

खाणं जवळजवळ एकाच झाडाचं, तिथल्या सुरूच्या. पायात बोंड धरून चोचीने कुरतडत बसतात. झाडाखाली चोथ्याचा सडा दिसला आणि वरून कटकट आवाज आला, की समजावं, स्वारी वर आहे. मादी एका खेपेला एकच अंडं घालते, तेही जुन्या झाडाच्या ढोलीत, आणि ते अंडं पॉसम, म्हणजे झाडांवर चढणारे तिथले केसाळ प्राणी, पळवत. १९९० च्या दशकात उरले होते जेमतेम दोनशे. मग ढोलीच्या झाडांना गुळगुळीत पत्रे गुंडाळले, पॉसम घसरू लागले, पिल्लं जगू लागली.

मेसेजमध्ये यातलं अक्षरही नाही. ज्यांनी तो पुढे ढकललाय, त्यांनी हेही ढकला.