मे महिन्याची सुट्टी आणि पोर्ट डग्लस: बुकिंग करण्याआधी एवढं बघा

ऑस्ट्रेलिया म्हटलं की आपल्याकडे सिडनी, मेलबर्न, गोल्ड कोस्ट ठरलेलं, आणि ग्रेट बॅरिअर रीफ, म्हणजे समुद्रातली प्रवाळाची लांबलचक रांग, केर्न्सहून एका दिवसात उरकायची. माझं ठाम मत आहे की मुलांची मे महिन्याची सुट्टी हाताशी असेल तर गोल्ड कोस्टचे दिवस कापा आणि केर्न्सच्या उत्तरेला साधारण ६७ किलोमीटरवर असलेल्या पोर्ट डग्लसला सलग पाच रात्री राहा. तीन रात्रींत भागणार नाही. का, ते पुढे येतंच.

आधी हंगाम. तिथे डिसेंबर ते मार्च धो धो पाऊस आणि चक्रीवादळांची भीती. डिसेंबर २०२३ च्या जॅस्पर वादळानंतर दरडी कोसळून केर्न्सचा रस्ता बराच काळ बंद होता. जून ते ऑगस्ट हवा सुरेख, पण तो तिकडचा हिवाळा, ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडचे लोक थंडीला कंटाळून तिथेच येतात, आणि जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत क्वीन्सलँडच्या, म्हणजे याच राज्याच्या, शाळांना सुट्टी असते. भाडी तेव्हा कडाडतात. यांच्या मधली फट म्हणजे मे. पाऊस ओसरलेला, तापमान २७-२८ अंशांच्या आसपास, गर्दी कमी. आपल्या शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात, त्यामुळे मेचा दुसरा पंधरवडा किंवा जूनचा पहिला आठवडा धरा.

दुसरा पंधरवडा म्हणण्याला कारण आहे विषारी जेलीफिशचं. त्यांचा हंगाम नोव्हेंबर ते मे, म्हणजे मेअखेर तो संपत आलेला असतो. गावाच्या फोर माइल बीचवर हंगामात जाळी लावलेली असते, पोहायचं ते जाळीच्या आत आणि लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच. पण जाळी अडवते ती मोठ्या बॉक्स जेलीफिशला. इरुकांजी नावाची दुसरी जेलीफिश जेमतेम नखाएवढी, ती जाळीतून आत येऊ शकते. म्हणून अंगभर लायक्राचा (ताणणाऱ्या, घट्ट कापडाचा) सूट घाला, रीफच्या बोटींवर तो मिळतो. दंश झालाच तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. किनाऱ्यावर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात, ते निदान ३० सेकंद ओता आणि ००० या तिथल्या आपत्कालीन नंबरला फोन लावा. खाडीच्या आणि नदीच्या काठाला मात्र बाराही महिने मगरी. पाण्यापासून निदान पाच मीटर लांब राहा, संध्याकाळनंतर तर फिरकूच नका.

आता राहण्याचं. गाव छोटं आहे. दुकानं, खाणावळी आणि सुपरमार्केट मॅक्रॉसन स्ट्रीटवर. तिथून बोटींचा धक्काही चालत गाठता येतो आणि दुसऱ्या टोकाला फोर माइल बीच. स्वस्त दिसणारी बरीच रिसॉर्ट्स गावात शिरण्याआधीच्या लांब रस्त्यावर चार-पाच किलोमीटर मागे आहेत. गाडी नसेल तर वाचलेले पैसे टॅक्सीत जातात. कुटुंबासाठी स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या, पण बुक करताना तीन गोष्टी लेखी विचारा: लहान मुलं धरून किती माणसांना परवानगी आहे, सोफा-बेडचे पैसे वेगळे का, आणि ऑफिस किती वाजता बंद होतं. ही ऑफिसं संध्याकाळी लवकर बंद होतात. उशिराचं विमान असेल तर किल्लीच्या पेटीचा कोड आधी मागवून घ्या, नाहीतर रात्री बॅगा घेऊन दारात उभं राहावं लागतं. रोजची साफसफाई अपार्टमेंटमध्ये गृहीत धरू नका.

कुकर सहसा नसतो. म्हणून तुरीच्या नादी न लागता मसूर किंवा मूग डाळ घ्या, साध्या पातेल्यात शिजते. मसाला न्यायचा तर कंपनीचा सीलबंद, आणि विमानात भरायला देतात त्या प्रवेशाच्या कार्डावर खाद्यपदार्थ आहेत यापुढे ‘हो’ लिहा. जाहीर केलेली वस्तू चालत नसेल तर फार तर काढून घेतात, लपवलेलीला जबर दंड. कढीपत्ता, पेढे, बर्फी घरीच ठेवा.

पाच रात्री कशाला, तर वाऱ्यासाठी. मे महिन्यापासून आग्नेयेचा वारा जोर धरतो. २० नॉटच्या, म्हणजे ताशी ३७ किलोमीटरच्या वर गेला की समुद्र खवळतो. अजिनकोर्ट ही बाहेरची रीफ मोठ्या बोटीने दीड तासावर, आणि त्या दीड तासात अर्धी बोट उलट्या करते. त्यामुळे रीफ दुसऱ्या दिवशी ठेवा. वारा वाढला तर पुढे ढकलायला दिवस हातात राहतात. उलटीची गोळी निघण्याआधी तासभर घ्यायची, मळमळायला लागल्यावर तिचा काही उपयोग नाही. लहान मुलं असतील तर लो आइल्स ही जवळची बेटं बरी, पाणी उथळ आणि शांत. फक्त भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून जा, पूर्ण ओहोटीला प्रवाळावर पोहता येत नाही.

आई-वडील सोबत असतील तर हे नीट वाचा. स्नॉर्केलिंगआधी (तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत प्रवाळ बघण्याआधी) बोटीवर तब्येतीचा फॉर्म भरावा लागतो. वय ६० च्या पुढे, हृदयविकार किंवा दमा असेल तर वेगळ्या रंगाचं जॅकेट आणि तरंगण्याचं साधन देतात. त्यात अपमान वाटून घेऊ नका आणि खोटं लिहू नका. या पाण्यातले बरेच मृत्यू बुडून नाही, हृदय बंद पडून होतात. स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून खोल डायव्हिंग, करायचं असेल आणि दमा, मधुमेह किंवा रोजची गोळी असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांशी बोलून घ्या, नाहीतर बोटीवर नुसतं बसून राहायची वेळ येते. क्वीन्सलँडची अ‍ॅम्ब्युलन्स तिथल्या रहिवाशांना फुकट आहे, पाहुण्यांना बिल येतं, तेव्हा प्रवास विम्यात ती आणि स्नॉर्केलिंग दोन्ही आहे का बघा.

गाडी डावीकडूनच चालवायची. सात वर्षांखालच्या मुलाला वयाप्रमाणे सीट सक्तीची, ती गाडीसोबतच बुक करा. मॉसमन गॉर्ज ही जंगलातली नदीची घळ २० मिनिटांवर, गाडी केंद्रावर ठेवून पुढे त्यांच्या बसने जायचं. पाऊस पडून गेला असेल तर नदीत उतरू नका, पाणी अचानक चढतं. उत्तरेला केप ट्रिब्युलेशन या जंगलाच्या किनाऱ्याला जाताना डेन्ट्री नदीवर पूल नाही, गाड्या नेणारा तराफा आहे. पलीकडे फोनला रेंज जवळजवळ नाही, नकाशा आधीच उतरवून ठेवा.

शेवटच्या दिवशी रीफ किंवा स्कूबा नको. डायव्हिंगनंतर विमानात बसण्याआधी निदान १८ तास जावे लागतात. चेकआउट बहुतेक ठिकाणी सकाळी दहाला. केर्न्स विमानतळ तासाभरावर असला तरी दोन तास हातात ठेवून निघा, किनाऱ्याचा तो एकच रस्ता आहे आणि तो अडला तर दुसरी वाट फार लांबची.