प्रतिक्रियेला उत्तर : ५० ची लेन्स नॉर्मल खरी, पण कोणत्या फ्रेमवर?

नमस्कार. नॉर्मल लेन्सवरच्या (म्हणजे डोळ्याला सहज वाटेल असं दृश्य देणाऱ्या लेन्सवरच्या) माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर आणि चांगलीच झणझणीत प्रतिक्रिया दिलीत. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा देतो. तुमचं म्हणणं असं, की फोकल लेंथ, म्हणजे लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा, हा लेन्सचा गुण आहे, कॅमेरा बदलला म्हणून ती बदलत नाही, तेव्हा ५० मिमी म्हणजे ५०च आणि नॉर्मलही तीच. माणसाच्या डोळ्याला दिसतं तसं फक्त तिच्यातून दिसतं. दोन्ही डोळे उघडे ठेवून व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की दोन्ही डोळ्यांना वस्तू सारख्याच आकाराची दिसते आणि याची खात्री पटते. आणि क्रॉप सेन्सरवर (३५ मिमी फिल्मच्या फ्रेमहून लहान सेन्सरवर) २८ ची लेन्स सुचवून मी नवख्यांना चेहरे बिघडवायला शिकवतोय, कारण २८ शेवटी वाइडच, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी.

फोकल लेंथ बदलत नाही, हे शंभर टक्के मान्य. लेखातही मी बदलतो तो दृश्यकोन (लेन्स किती रुंद दृश्य टिपते तो कोन), असंच लिहिलंय. पण फोकल लेंथ कायम राहते यावरून नॉर्मल लेन्सही कायम राहते, ही उडी तुम्ही कशी मारलीत ते कळलं नाही. श्नायडरची ४७ मिमीची सुपर-अँग्युलॉन एक्सएल घ्या. आकडा ५० च्या अगदी शेजारचा. पण ही लेन्स ४×५ इंची फिल्म झाकते, आणि त्या फिल्मवर तिचा कर्णातला दृश्यकोन ११५ अंशांच्या वर जातो. फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मच्या २४×३६ मिमी फ्रेमवर) एवढं दृश्य मावायला १३ मिमीच्या आसपासची लेन्स लागेल. हिला नॉर्मल म्हणायला तुम्हीही धजावणार नाही. उलट टोकाला पेंटॅक्स ऑटो ११०. ११० फिल्मचा चिमुकला एसएलआर (आरशामार्फत थेट लेन्समधून बघायचा कॅमेरा), फ्रेम १३×१७ मिमी, आणि त्याची नॉर्मल लेन्स २४ मिमीची. डिजिटल आणि क्रॉप सेन्सर यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे, त्यामुळे 'सेन्सरवाल्यांनी हा घोळ घातला' हा तुमचा टोमणा इथे लागू पडत नाही.

मोजायचं असतं ते फ्रेमच्या कर्णाशी. २४×३६ चा कर्ण ४३.३ मिमी. ६×६ सेंमीची फ्रेम प्रत्यक्षात ५६×५६ मिमी असते, तिचा कर्ण ७९, म्हणून ती फ्रेम वापरणाऱ्या हॅसलब्लाड कॅमेऱ्यावर नॉर्मल लेन्स ८० ची आणि रोलायफ्लेक्सवर ७५ किंवा ८० ची. ४×५ इंचीला १५०, ८×१० इंचीला ३००. एपीएस-सी या क्रॉप सेन्सरचा कर्ण २८ च्या आसपास, त्याहून लहान मायक्रो फोर थर्ड्स सेन्सरचा २१.६. फोकल लेंथ कर्णाएवढी असली की कर्णातला दृश्यकोन ५३ अंश येतो, फॉरमॅट कोणताही असो.

पण कर्णच का? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, विचारायला हवा होता. छापलेला फोटो आपण साधारण त्याच्या कर्णाइतक्या अंतरावरून बघतो असं धरलंय. तेवढ्या अंतरावरून बघताना फोटो डोळ्याशी जो कोन करतो, तोच कोन लेन्सने टिपलेला असेल तर जवळच्या-लांबच्या गोष्टींचं प्रमाण सहज वाटतं. १२×१८ इंची प्रिंट घ्या. फुल फ्रेमवर ४३ मिमीने काढलेला फोटो असेल तर हे अंतर सुमारे ५५ सेंमी, ५० ने काढलेला असेल तर ६३. आठ सेंमीचा फरक! प्रदर्शनात पट्टी घेऊन कोण उभं राहतं? म्हणून ४३ विरुद्ध ५० हा वाद मला निरर्थक वाटतो. कंपन्यांनीही तो कधी फार मनावर घेतला नाही. रोलाय ३५ या कॅमेऱ्यावर ४० होती, यशिका इलेक्ट्रो ३५ वर ४५, हेलिओस-४४ नावाची लेन्स तर ५८ ची. एसएलआरमध्ये लेन्सच्या मागे आरशाला जागा सोडावी लागते, त्यामुळे मोठ्या अ‍ॅपर्चरची (जास्त उजेड घेणारी) लेन्स थोड्या जास्त फोकल लेंथची केली की काम सोपं व्हायचं. ५० चा आकडा रुळला तो लायकामुळे. १९२५ साली बाजारात आलेल्या त्या कॅमेऱ्यावर ५० मिमी होती आणि पुढे सगळे तिच्यामागे गेले.

सिनेमावाल्यांचं गणित तर आणखी वेगळं. १६ मिमी फिल्मच्या फ्रेमचा कर्ण १२.७ च्या आसपास, पण तिथे २५ मिमीला नॉर्मल म्हणायची पद्धत पडली. म्हणजे कर्णाच्या जवळजवळ दुप्पट, कारण प्रेक्षक पडद्यापासून बराच लांब बसतो.

आता डोळ्याकडे येऊ. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघायचा प्रयोग मलाही आवडतो, पण त्यात परीक्षा लेन्सची होत नाही, आयपीसची (व्ह्यूफाइंडरच्या डोळ्याकडच्या भिंगाची) होते. व्ह्यूफाइंडरमध्ये वस्तू किती मोठी दिसणार हे लेन्सची फोकल लेंथ भागिले आयपीसची फोकल लेंथ यावर ठरतं. कॅनन ७डी हा क्रॉप सेन्सरचा कॅमेरा. त्याच्या व्ह्यूफाइंडरचं मॅग्निफिकेशन ५० मिमीला १.०, म्हणजे वस्तू नुसत्या डोळ्याला दिसते तेवढीच, त्यामुळे तुमचा प्रयोग त्याच्यावर झकास जमतो. पण त्या कॅमेऱ्यावर ५० चा दृश्यकोन फुल फ्रेमवरच्या ८० इतका, म्हणजे पोर्ट्रेट लेन्सचा. आणि निकॉन एफ३ च्या हाय-आयपॉइंट (चष्मा लावूनही बघता येणाऱ्या) व्ह्यूफाइंडरमध्ये हाच आकडा ०.७५ आहे. तो पूर्ण ३५ मिमी फिल्मचा कॅमेरा, तरी ५० लावून वस्तू पाऊणपट दिसते. म्हणजे तुमच्या कसोटीवर क्रॉप कॅमेरा पास आणि फुल फ्रेम नापास!

चेहऱ्यांचा मुद्दा मात्र गंभीर आहे, कारण हा समज फार पसरलेला आहे. नाक मोठं दिसतं ते लेन्समुळे नाही, तुम्ही कुठे उभे आहात त्यामुळे. नाकाच्या टोकापासून कानापर्यंतची खोली १२ सेंमी धरा. कॅमेरा नाकापासून ५० सेंमीवर असेल तर कान ६२ वर. ६२ भागिले ५० म्हणजे नाक कानाच्या तुलनेत २४ टक्के मोठं उमटणार. दीड मीटरवर गेलात की १६२ भागिले १५०, फक्त ८ टक्के. या हिशोबात फोकल लेंथ कुठे आली का? फुल फ्रेमवर २८ बदनाम झाली, कारण चेहऱ्याने फ्रेम भरायची तर तिच्यासह जवळ घुसावं लागतं. एपीएस-सीवर तीच २८ लावली की फुल फ्रेमवरच्या ४२ ते ४५ एवढंच दृश्य मिळतं, त्यामुळे तेवढं जवळ जावंच लागत नाही. एकाच जागी उभं राहून दोन्ही फोटो काढा, नाकं सारखीच येतील.

खरं तर तुम्हाला मला अडवायचंच होतं तर चौरस फ्रेमवर अडवायचं. ६×६ वरची ८० फुल फ्रेमच्या भाषेत किती? कर्णाने मोजली तर ४४, रुंदीने मोजली तर ५१, उंचीने ३४. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, कारण फ्रेमचा आकारच निराळा. 'इक्विव्हॅलंट' (फुल फ्रेमच्या भाषेतला) हा आकडा आडव्या-उभ्याचं प्रमाण बदललं की असा डळमळतो, आणि मायक्रो फोर थर्ड्सच्या ४:३ फ्रेमलाही हे थोड्या प्रमाणात लागू आहेच.

शेवटी तुम्ही उपहासाने विचारलंत, 'मग क्रॉपवाल्यांनी ५० विकून टाकायची का?' अजिबात नको, पोर्ट्रेटला ती उत्तम आहे. पण एकच लेन्स घेऊन हिंडायचं असेल तर २८ आणि ३५ यातून निवडा. कॅमेऱ्यासोबत किटमध्ये मिळणारी १८-५५ ची झूम लेन्स घ्या, तिच्या झूम रिंगला २८ वर चिकटपट्टी लावा, आठवडाभर तसेच फोटो काढा, मग ३५ वर लावा. माझा कल २८ कडे आहे. घरात, चार माणसांत ३५ ची लेन्स सतत भिंतीला पाठ लावायला लावते. तुम्ही ५० वर वाढलेले दिसता, तुम्हाला बहुधा ३५ आवडेल.