पानाआड पक्षी, कानाशी डास

जपानमध्ये राहणारा कुणी मराठी माणूस "ऑगस्टात सुट्टी आहे, पक्षी बघायला जाऊ या" म्हणाला, की मला त्याची काळजी वाटते. ऑगस्टात तिथल्या रानात पक्षी असतात, यात वाद नाही. ते दिसतील असं मात्र कुणी कबूल केलेलं नाही. पानं दाट झालेली, विणीचा हंगाम उरकलेला, गाणी बंद, त्यात जुनी पिसं झडायला लागलेली. अशा अवतारात कोण कशाला बाहेर येईल? जायचं तर मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत जावं. तेव्हा त्सुयू, म्हणजे त्यांचा पावसाळा, सुरू होतो. छत्री आणि दुर्बीण सांभाळायला माणसाला दोनच हात दिलेत, ही रचनेतली चूक मला तिथेच जाणवते.

दुसरी अडचण सूर्याची. जपानचं घड्याळ १३५ अंश रेखावृत्तावर चालतं आणि टोकियो त्याच्याही पूर्वेला. त्यामुळे जूनमध्ये तिथे साडेचारच्या आतच उजाडतं. टोकियोतल्या शिंजुकू स्टेशनहून ताकाओ डोंगर (उंची ५९९ मीटर) गाडीने तासाभरावर. पहिली गाडी पकडली तरी तुम्ही पायथ्याशी उतरेपर्यंत पक्ष्यांची सकाळची मैफल भैरवीकडे झुकलेली असते.

गाडीत एसी कडक. गार झालेली दुर्बीण बाहेरच्या दमट हवेत काढली की भिंगांवर बाष्प धरतं. रुमालाने पुसलंत तर ते पुन्हा धरतं, वर ओरखडे फुकट. दुर्बीण बंद पिशवीतच पंधरा-वीस मिनिटं राहू द्यावी. घाई करून तसंही काही दिसणार नसतं. दुर्बीण ८×४२ची घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. १०× हातात थरथरते, आणि खिशात मावणारी ८×२५ दाट सावलीत आंधळी होते. दुर्बीण फिरवत पक्षी शोधू नये. पान हललं तिथे नजर खिळवायची आणि नजर न काढता दुर्बीण डोळ्यांना लावायची. ओओरुरी हा निळा माशीमार ओढ्याकाठच्या झाडाच्या शेंड्यावर बसून गातो, तो त्यातल्या त्यात सज्जन. पिवळाधमक किबिताकी मधल्या फांद्यांत असतो, त्यामुळे मान वर करून दुखवून घेण्यात अर्थ नाही. याबुसामे हा चिमुकला पक्षी झुडपाच्या बुडाशी किड्यासारखं 'शिशिशिशि' करतो. त्याचा सूर इतका वरचा की वय झालेल्या कानांना ऐकूच येत नाही. म्हणजे दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, तरी तो तिथे आहे यावर विश्वास ठेवायचा.

होतोतोगिसु ही कोकीळकुळातली मंडळी उगुइसू या छोट्या गाणाऱ्या पक्ष्याच्या घरट्यात अंडी घालतात. म्हणून उगुइसूचं 'होओ-होकेक्यो' जिथे ऐकू येईल, तिथे यांच्याकडेही कान ठेवावा. यांची हाक जपानी कानांना 'तोक्क्यो क्योका क्योकू' अशी ऐकू येते, म्हणजे पेटंट परवाना कार्यालय. आपला पावशा निदान 'पेरते व्हा' सांगतो. हा थेट कचेरीत धाडतो, आणि या नावाची कचेरी जपानात नाहीच!

डासांना मात्र तुम्ही लगेच दिसता. पांढऱ्या पट्ट्यांचा काळा डास भर दिवसा चावतो. २०१४ मध्ये याच्यामुळेच टोकियोच्या योयोगी उद्यानात डेंग्यू पसरला आणि उद्यान बंद ठेवावं लागलं. डास पळवायचं औषध ३० टक्के डीटचं किंवा १५ टक्के इकारिडिनचं घ्यावं. आधी उन्हाचं क्रीम, त्यावर हे. डीट प्लास्टिक खातं, तेव्हा तेच तळवे दुर्बिणीला लावू नका. टोकियोजवळच्या तान्झावाच्या डोंगरांत पावसानंतर जळवा भेटतात. बुटांवर आणि मोज्यांवर वीस टक्के मिठाचं पाणी फवारावं. चावताना दुखत नाही, हेच त्यांचं वाईट. मोजा लाल झाला की कळतं.

सकाळी नऊनंतर पक्ष्यांचा नाद सोडून किड्यांकडे वळावं, अब्रू वाचते. कुनुगी नावाच्या ओकच्या खोडातून आंबूस वासाचा रस झिरपतो. रात्री आणि पहाटे त्यावर काबुतोमुशी, म्हणजे शिंगवाला भुंगा, येतो. कोकणात याच्या भाऊबंदाला नारळाच्या शेंड्यातून तारेच्या आकड्याने ओढून काढतात. जपानात याला पेटीत ठेवून जेली भरवतात. नशीब एकेकाचं! दिवसा त्याच रसावर ओओमुरासाकी हे जांभळं राष्ट्रीय फुलपाखरू येतं, आणि चार-चार सेंटिमीटरच्या गांधीलमाश्याही. काळे कपडे आणि अत्तर नको. माशी घोंघावू लागली तर हात न झटकता, तोंड तिच्याकडेच ठेवून हळूहळू मागे सरकायचं. पुढाऱ्यासमोरून निघतात तसं.

जुलैच्या मध्यापासून सिकाडा, म्हणजे झाडांवर बसून कर्कश किरकिरणारे किडे, सुरू होतात. त्यानंतर पक्ष्यांचं ऐकणंही संपलं. मात्र संध्याकाळी सातच्या सुमारास एखाद्या उद्यानात बुंध्याशी टॉर्च मारून पाहा. सिकाडाचं मातीने माखलेलं पिल्लू खोड चढतं, नखं रोवतं, पाठ उभी उसवते आणि आतून पांढुरका, हिरवट झाक असलेला जीव मागे कलत बाहेर येतो. अर्धा तास तो उलटा लोंबकळतो. मग झटक्यात उठून रिकाम्या सालीला धरतो, शेपूट सोडवतो आणि चुरगळलेले पंख उलगडतात. या वेळी बोट लावलंत तर पंख जन्माचे वाकडे होतात. फोटोसाठी त्याला "जरा इकडे" करणाऱ्यांना माझ्या मते जळवांकडे पाठवावं.

ऑगस्टअखेर हेच सिकाडा जिन्यात उताणे पडलेले सापडतात. पाय मिटलेले असतील तर मेलाय. पाय फाकलेले असतील तर जिवंत आहे, आणि तुम्ही ओलांडताना किंचाळत तुमच्या तोंडावर येईल. या नियमालाही अपवाद आहेत, म्हणून पाय नीट बघायला फार वाकू नका.