अप्पर खाली घे की मर्दा!

समोरून येणाऱ्या दिव्यांवरून गाडी ओळखायचे दिवस गेले. आता नुसता पांढरा भगभगीत गोळा दिसतो. त्याच्यामागे जीप आहे, डंपर आहे की कुणाच्या तरी पोराची शंभर सीसीची मोटारसायकल, हे ती अंगावरून गेल्यावर कळतं. तेही कळलं तर. तोवर डोळ्यांपुढे हिरवी-जांभळी वर्तुळं नाचत असतात आणि आपण देवाचं नाव घेत डाव्या कडेच्या साइडपट्टीचा अंदाज बांधत असतो.

माझी सेकंड शिफ्ट. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतून सुटायचं आणि सांगली रस्त्यानं जयसिंगपूर गाठायचं. कुठं दुभाजक, कुठं नाही, कुठं काम चालू म्हणून वळण आणि वळणावर बोर्डच नाही. या रस्त्यावर मी वर्षानुवर्षं गाडी चालवतोय. खड्डे पाठ आहेत, कुत्री कुठं आडवी येतात तेही पाठ आहे. पण हे जे गेल्या काही वर्षांत सुरू झालंय ना, एलईडीचं खूळ, त्यानं डोकं फिरायची वेळ आलीय. रोज रात्री तोंडावर कुणीतरी फ्लडलाइट मारतंय आणि वर त्यात त्याला काहीच वावगं वाटत नाही!

आता कुणी लगेच म्हणेल, काका, तुम्हाला नवीन तंत्रज्ञान नको वाटतं. अरे बाबा, कोण म्हणतंय नको? लोडशेडिंगची वर्षं मी काढलीत. बारा-बारा तास लाइट नाही, पोरं मेणबत्तीवर अभ्यास करतायत, बायको गॅसशेजारी बॅटरी उभी करून भाकऱ्या थापतीय, हे सगळं बघितलंय. साठ वॅटच्या पिवळ्या बल्बचा उजेड आज नऊ वॅटात पडतो, हे मला ठाऊक आहे. २०१५ च्या जानेवारीत सरकारची उजाला योजना आली, स्वस्तात बल्ब वाटले, आमच्या घरातही आले. बिल उतरलं. एलईडीला शिव्या द्यायला मी काही कृतघ्न नाही.

उलट मी तर त्याची सगळी कुंडली वाचून काढली. म्हटलं, हे आपल्या डोळ्यांवर नेमकं आणलं कुणी? तर लाल एलईडी १९६२ सालचा, अमेरिकेत निक होलोनियाक नावाच्या माणसानं केलेला. पण निळा काही केल्या चांगला जमेना आणि निळा नाही तर पांढरा नाही. तीस वर्षं मोठमोठ्या कंपन्यांनी डोकं आपटलं. शेवटी जपानमध्ये अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनी ते जमवलं. त्यातला नाकामुरा तोकुशिमातल्या निचिया नावाच्या कंपनीत नोकरीला होता. १९९३ मध्ये त्याचा झगझगीत निळा दिवा बाजारात आला आणि कंपनीनं या शोधाबद्दल त्याला किती बक्षीस द्यावं? वीस हजार येन! आमच्या कंपनीतली दिवाळीची मिठाई आठवली मला. पुढं त्यानं कोर्टात खेचून २००५ साली ८४ कोटी येनाच्या आसपास वसूल केले, ते बरं केलं. २०१४ ला तिघांना नोबेल मिळालं. रास्त मिळालं.

या निळ्या चिपवर पिवळ्या पावडरीचा थर चढवला की आपल्याला पांढरा उजेड दिसतो. म्हणजे त्या पांढऱ्याच्या पोटात निळा ठासून भरलेला असतो. असा झगझगीत उजेड धुक्यात, धुळीत, हेल्मेटच्या ओरखडे पडलेल्या काचेत फाकतो. आणि वय झालेल्या डोळ्यातही फाकतो, कारण डोळ्यातलं भिंग धुरकट होत आलेलं असतं. पंचविशीच्या पोराला जो दिवा नुसता ‘भारी’ वाटतो, तोच पन्नाशीच्या माणसाला काही सेकंद आंधळा करून सोडतो. ताशी ६० च्या वेगानं गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर पळते. चार सेकंद दिसलं नाही तर ६६ मीटर तुम्ही डोळे झाकून गेलात. त्या ६६ मीटरात काय असेल ते तुमचं नशीब.

आणि आमच्याकडं त्या ६६ मीटरात काय असतं सांगू? ऊस!

गळीत हंगाम सुरू झाला की या भागात रात्र म्हणजे उसाची वरात. ट्रॅक्टर, त्याला मागं दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या बाहेर दोन्ही अंगांनी हात-हातभर आलेला ऊस. मागं टेललॅम्प नाही. रिफ्लेक्टरची पट्टी हंगामाच्या सुरुवातीला कारखान्यानं फोटो काढून चिकटवलेली, ती आता चिखलानं नाहीतर लोंबणाऱ्या वाढ्यानं झाकलेली. ही झाली मागची बाजू. पुढं बघा! टपावर चार एलईडी, बंपरवर दोन, एक बार लाइट आडवा, मध्ये एखादा लाल-निळा लुकलुकणारा आणि वर गाणं इतकं मोठ्यानं की हॉर्न ऐकू यायचा प्रश्नच नाही. म्हणजे ज्या बाजूला दिवा पाहिजे तिथं काळोख आणि जिथं कमी पाहिजे तिथं दिवाळी. समोरून असा एक ट्रॅक्टर येतोय, त्याच्या उजेडात आपण आंधळे झालोय आणि नेमका त्याच वेळी आपल्या पुढं, आपल्याच दिशेनं, दुसरा ट्रॅक्टर बिनदिव्याचा चाललाय. किती माणसं यात गेली! दर हंगामात पेपरला बातमी असते, ‘उसाच्या ट्रॉलीला धडकून दुचाकीस्वार ठार’. आपण वाचतो, चुकचुकतो, पान उलटतो.

बैलगाडीवाल्यांचे तर हालच विचारू नका. परवा अतिग्रेच्या अलीकडं एक गाडी बघितली. समोरून जीपचा झोत पडला तसे दोन्ही बैलांचे डोळे हिरवे चमकले आणि डावा बैल जागच्या जागी ठाणच मांडून उभा राहिला. गाडीवान खाली उतरून त्याच्या कपाळाला हात लावून उभा. जीपवाला काय करतोय? हॉर्न वाजवतोय! अप्पर, म्हणजे लांबवर जाणारा वरचा झोत, खाली घ्यायचं सुचेना त्याला. जनावराला कळतंय पुढं दिसत नाही तर थांबावं, आणि याला लायसन असून कळेना.

मेकॅनिककडं काम काढलं की त्याच्या दुकानात बसून राहावं लागतं, म्हणून हे प्रकरण मी जवळून बघितलंय. पोरगं येतं, नवी कोरी नाही, जुनीच गाडी घेऊन. ‘व्हाइट टाक.’ झालं. कंपनीचा हॅलोजन काढायचा, त्या जागी एलईडी बसवायचा, दहा मिनिटांचं काम. आता तो हॅलोजनचा बल्ब एकदा हातात घेऊन बघा. आत दोन तारा असतात, एक अप्परची, एक डिपरची म्हणजे खालच्या झोताची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. ती वाटी खालचा उजेड अडवते, म्हणून झोत वर न जाता रस्त्यावर पडतो. एवढीशी ती वाटी, पण समोरच्याचे डोळे तिच्यामुळं वाचतात. त्या कंपनीच्या इंजिनिअरनं तार कुठं, वाटी कुठं, मागचा आरसा किती खोल, सगळं मोजून-मापून बसवलेलं असतं. तिथं हे बाजारातलं स्वस्त एलईडी आलं की उजेडाची जागाच बदलते, सगळा हिशोब कोलमडतो. मग झोत झाडावर जातो, विजेच्या तारांवर जातो, समोरच्याच्या तोंडावर जातो, एका रस्त्यावर सोडून सगळीकडं जातो. अशा गाडीला अप्पर काय आणि डिपर काय, दोन्ही सारखंच. बरं, एवढं करून त्या पोराला स्वतःला तरी दिसतं का? पावसात विचारा त्याला. पांढऱ्या उजेडात ओला डांबरी रस्ता नुसता काळा दिसतो. मग हाच पठ्ठ्या आणखी दोन फॉगलॅम्प लावतो. तेही पांढरे!

याला कायदा नाही असंही नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १०६ वा नियम खास याच कामाचा आहे. दिव्यापासून आठ मीटरवर, अर्धा मीटर उजवीकडं, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर कुणाचा डोळा असेल तर तो दिपता कामा नये, इतका झोत खाली पाहिजे, असं मापासकट लिहिलंय. दीड मीटर म्हणजे साधारण मोटारसायकलवर बसलेल्या माणसाच्या डोळ्याची उंची. म्हणजे माझ्यासारख्याचा विचार कुणीतरी, कधीतरी, दिल्लीत बसून केला होता. पण आठ मीटरवर उभं राहून बघणार कोण? चौकात हेल्मेट बघतात, पीयूसी बघतात, फॅन्सी नंबरप्लेट बघतात. दिवसा. दिवे दिवसा कसे बघणार? आणि रात्री बघायला कुणी नसतं. शिवाय तो बल्ब उघड्यावर दुकानात टांगलेला असतो, तो विकणाऱ्याला कुणी विचारत नाही.

तेही बाजूला ठेवा. नियम, दंड, आरटीओ सगळं ठेवा बाजूला. डाव्या हाताच्या अंगठ्यापाशी एक बटण असतं. ते खाली करायला काय पेट्रोल लागतं का?

पूर्वी ट्रकवाल्यांना आपण अडाणी म्हणायचो. पण त्यांच्या ट्रकच्या मागं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असायचं, ‘यूज डिपर अॅट नाइट’. कितीतरी गाड्यांच्या हेडलाइटच्या काचेवर मधोमध काळा ठिपका रंगवलेला असायचा, समोरच्याच्या डोळ्याला त्रास नको म्हणून. एसटीचा ड्रायव्हर तर लांबूनच एकदा खाली-वर करायचा. आपण खाली करायचो, तो खाली करायचा, दोघं आपापल्या वाटेनं जायचो. माणसं फार सज्जन होती असं माझं म्हणणं नाही. दिवेच मिणमिणते होते, समोरच्याला सांभाळल्याशिवाय आपल्यालाही पुढं जाता यायचं नाही. आता प्रत्येकाकडं स्वतःचा सूर्य आहे, मग समोरचा जगला काय, मेला काय!

२०१७ च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही चालूच राहतो, बंद करायचं बटणच काढून टाकलं. सुरुवातीला लोक वाटेत हाताची बोटं उघडझाप करून सांगायचे, ‘ओ, लाइट चालू आहे!’ बघा, दिवसाढवळ्या निरुपद्रवी दिवा चालू असेल तर सांगणारे शंभर जण. रात्री अप्परवर येणाऱ्याला सांगणारा एक नाही. सांगितलं तर काय होतं तेही ऐका. हातकणंगल्यात चहाला थांबलो होतो. एक चारचाकी आली, टपरीसमोर उभी केली, इंजिन चालू, दिवे सगळ्या गिऱ्हाइकांच्या तोंडावर. चहावाला डोळ्यांवर हात धरून चहा गाळतोय. मी जाऊन म्हटलं, “भावा, दिवे तेवढे बंद कर की.” तर म्हणतो, “काका, तिकडं तोंड करून बसा की.”

तिकडं तोंड करून बसा!

आणि हे रस्त्यापुरतं थोडंच राहिलंय? गल्लीच्या तोंडाला नेत्यांच्या वाढदिवसाचे स्क्रीन रात्रभर चमकतात. शेजारच्या बंगल्यावरचा फोकस थेट आमच्या बेडरूममध्ये. गणपतीच्या मिरवणुकीतल्या लेसरनं डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारी कोल्हापुरातून आल्या, पुण्यातून आल्या, बंदीचे आदेश निघाले, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला, देशातला पहिला. चांगली गोष्ट आहे. पण म्हणजे आकाशातले तारे बघायला आता माणसानं वाघाच्या रानात जायचं.

मेकॅनिक परवा मला म्हणाला, “काका, रोज कशाला वैतागताय? तुम्हीपण टाका की एलईडी. समोरच्यानं मारला की तुम्ही मारायचा. आपोआप खाली घेतोय बघा.” दुकानातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणजे उपाय हा! मी त्याला आंधळा करायचा, त्यानं मला आंधळा करायचा, मध्ये उसाची ट्रॉली.

नाही टाकणार. माझा पिवळा हॅलोजन आहे तोच राहील, फुटला तर तसलाच मागून घेईन, मिळेनासा झाला तर गावोगावची दुकानं पालथी घालीन. आणि तू, रोज रात्री चोकाकच्या पुढं समोरून येणाऱ्या, पाच दिवे लावलेल्या पांढऱ्या गाडीवाल्या, आज पुन्हा अप्परवर आलास तर गाडी आडवी लावून उतरणार आहे मी. मग होऊन जाऊ दे काय व्हायचं ते.