‘सिलेक्टिव्ह’ म्हणजे सुरक्षित नव्हे

सोलापुरात यंत्रमागवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या वेदनाशामक गोळ्यांबद्दल एक मजकूर फिरतोय: “इटोरीकॉक्सिबसारख्या सिलेक्टिव्ह गोळ्या फक्त दुखण्याच्या एन्झाइमला पकडतात. पोट, हृदय, किडनी सगळं सेफ. रोज घ्या.” पाठ-मानेच्या दुखण्यानं बेजार झालेला माणूस यावर विश्वास ठेवणारच, म्हणून हे लिहितोय.

‘फक्त दुखण्याचं’ असं एन्झाइम शरीरात नाही. कॉक्स-१ आणि कॉक्स-२ ही एन्झाइमं सख्खी भावंडं. दोन्ही प्रोस्टाग्लँडिनसारखे पदार्थ बनवतात, ज्यांनी दुखणं वाढतं पण शरीराची बाकीची कामंही चालतात; ‘सिलेक्टिव्ह’ गोळी त्यातलं मुख्यतः कॉक्स-२ अडवते. त्यांच्या अमिनो आम्लांच्या साखळीत ५२३ व्या जागी पहिल्यात आयसोल्युसिन, दुसऱ्यात व्हॅलीन. फरक एक कार्बन आणि दोन हायड्रोजनचा. तेवढ्यानं कॉक्स-२ मध्ये बाजूचा एक कप्पा मोकळा होतो आणि सेलेकॉक्सिब या अशाच गोळीच्या रेणूचा सल्फोनामाइड नावाचा भाग तिथे जाऊन बसतो. फार देखणं काम आहे हे, म्हणूनच त्याच्या नावावर खोटं खपवलेलं सहन होत नाही. शिवाय ही निवड प्रमाणाची असते. डोस वाढवत गेलं की कॉक्स-१ ही सापडतं.

पोटाचं म्हणणं बरंचसं खरं आहे, साध्या वेदनाशामकांपेक्षा अल्सर कमी होतात. पण सोबत अॅस्पिरिन चालू असेल तर तो फायदा बराचसा जातो.

हृदयाचा दावा मात्र घातक. रक्तवाहिन्यांमध्ये गुठळी रोखणारं प्रोस्टासायक्लिन कॉक्स-२ च्या मदतीनं तयार होतं. गुठळीला हातभार लावणारं थ्रॉम्बॉक्सेन प्लेटलेटमधल्या कॉक्स-१ मुळे. नुसतं कॉक्स-२ अडवलं की पारडं गुठळीकडे झुकतं. म्हणजे रेणू नेमक्या जागी बसतो, आणि अपाय त्यातूनच होतो. याच गटातलं रोफेकॉक्सिब ३० सप्टेंबर २००४ ला जगभरातून मागे घेतलं गेलं. चाचणीत १८ महिन्यांनंतर हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचं वाढलेलं प्रमाण उघड दिसलं होतं. आणि इथे सल्ला आहे रोज घेण्याचा!

किडनीत तर कॉक्स-२ एरवीही कामावर असतं. मे महिन्यात इथला पारा चाळिशीपार, वर पत्रा, शेजारी धडधडणारे माग, अंगातून घामाच्या धारा. पाणी कमी पडलं की किडनी रक्तपुरवठा टिकवायला प्रोस्टाग्लँडिनवर विसंबते, आणि गोळी तेच तोडते. बीपीची आणि लघवी वाढवणारी गोळी सोबत असेल तर धोका आणखी वाढतो. बीपी १४०/९० च्या वर राहत असेल तर इटोरीकॉक्सिब देऊच नये, असं युरोपातल्या माहितीपत्रकात लिहिलंय. गोळी चालू असेल तर बीपी आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या, आणि डॉक्टरांना बाकीच्या गोळ्यांची पाकिटंही दाखवा.