‘ज्युरी म्हणजे बारा मतदार’ या फॉरवर्डला उत्तर

पुण्याहून आतेभावाने एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, ‘तू तिथेच असतोस, खरं का रे हे?’ मेसेज तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: ट्रम्पना दोषी ठरवणारे बारा जण म्हणजे बारा मतदार. मॅनहॅटनमध्ये ट्रम्पना १२ टक्के मतं, तेव्हा निकाल ज्युरी निवडली त्याच दिवशी लागला. ‘आम्ही निःपक्ष राहू’ असं सगळेच म्हणतात. आत गेले की कळप होतो. लोकमान्यांना ज्युरीनेच मंडालेला धाडलं. म्हणून तर नानावटी खटल्यानंतर आपण ज्युरी मोडीत काढली, न्यायाधीश बरे. आणि शेवटी, ‘या बाराजणांची नावं देशाला कळलीच पाहिजेत.’

दादा, एका ओळीत उत्तर देता येत नाही म्हणून हे लांबलचक. न्यूयॉर्कमध्ये ट्रम्पवर व्यवसायाच्या खोट्या नोंदींचा तो खटला भरायला हवा होता का, यात मी शिरत नाही. मेसेजचा दावा वेगळा आहे: राजकीय मत असलेला माणूस ते बाजूला ठेवून निकाल देऊच शकत नाही.

‘१२ टक्के मतं, म्हणजे निकाल ठरलेला’

आकडा बरोबर आहे. २०२० साली मॅनहॅटनमध्ये ट्रम्पना सुमारे १२ टक्केच मतं पडली होती. पण मतं बघून निकाल लागत असेल, तर डेमोक्रॅट भागात डेमोक्रॅट माणूस सुटायला हवा. २०२४ च्या त्याच उन्हाळ्यात काय झालं बघ. ३० मे रोजी ट्रम्प ३४ च्या ३४ आरोपांत दोषी. बारा दिवसांनी, ११ जूनला, डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांचा मुलगा हंटर बंदूक खरेदीच्या खटल्यात तिन्ही आरोपांत दोषी. विल्मिंग्टनच्या रेल्वे स्टेशनला जो बायडेन यांचं नाव आहे. बायडेन या राज्याचे ३६ वर्षं सिनेटर होते. खटला चालू असताना राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी कोर्टात येऊन बसत होत्या. ज्युरीला मोजून तीनेक तास लागले. मग १६ जुलैला पुन्हा मॅनहॅटन, यावेळी फेडरल कोर्ट, आणि आरोपी आमच्याच न्यू जर्सीचे डेमोक्रॅट सिनेटर बॉब मेनेंडेझ. घरात सोन्याच्या लगडी आणि कोटांच्या खिशांत कोंबलेल्या नोटा सापडलेल्या. सगळ्या सोळा आरोपांत दोषी.

सत्तेचाळीस दिवसांत तीन ज्युऱ्या, तिन्ही डेमोक्रॅटांच्या बालेकिल्ल्यात, आणि दोषी ठरले एक रिपब्लिकन आणि दोन डेमोक्रॅट घरचे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने यातला एकच उचलला.

तू म्हणशील, तिन्हीकडे पुरावाच भक्कम होता. बरोबर, मी तेच म्हणतोय. शिकागो विद्यापीठाच्या काल्व्हेन आणि झायझल या दोघांनी ३,५७६ फौजदारी खटल्यांत, ‘ज्युरी नसती तर तुम्ही काय निकाल दिला असता?’ असं न्यायाधीशांना विचारलं होतं. १९६६ साली ते प्रसिद्ध झालं. ७८ टक्के खटल्यांत न्यायाधीश आणि ज्युरी यांचं उत्तर एकच होतं. जिथे फरक पडला तिथे बहुतेक वेळा पुरावाच दोन्हीकडे झुकणारा होता, आणि तिथे मग माणसाच्या आवडीनिवडीला वाव मिळतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे पूर्वग्रह नसतो असं नाही. काटा मधोमध अडकला की तो बोट लावतो. पारडं धाडकन खाली गेलेलं असलं तर त्याचं फारसं चालत नाही.

‘निःपक्ष राहू असं सगळेच म्हणतात’

सगळे म्हणत नाहीत, हीच तर गंमत. ट्रम्प खटल्याच्या पहिल्या दिवशी कोर्टात ९६ जणांना आणलं. न्यायाधीश मर्चन यांनी विचारलं, कोणाला निःपक्ष राहता येणार नाही असं वाटतं? पन्नासहून जास्त हात वर झाले. त्यांना तिथूनच घरी पाठवलं. उरलेल्यांपुढे ४२ प्रश्नांची यादी: कुठलं वर्तमानपत्र वाचता, कुठला पॉडकास्ट ऐकता, ट्रम्पच्या सभेला किंवा ट्रम्पविरोधी मोर्चाला कधी गेलात का. मग दोन्ही बाजूंचे वकील त्यांच्या जुन्या फेसबुक पोस्टी उकरून काढणार. एकाची २०१७ सालची पोस्ट निघाली, ‘याला आत टाका’ अशा अर्थाची. आता माझं मत तसं नाही, असं त्याने सांगूनही न्यायाधीशांनी त्याला काढलं. त्याउपर दोन्ही बाजूंना प्रत्येकी दहा नावं कारण न देता खोडायचा हक्क.

माझा स्वतःचा अनुभव याच्यापुढे अगदीच किरकोळ आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या काउंटीच्या कोर्टातून ज्युरी ड्यूटीचं पत्र आलं. चोरीचा साधा खटला. न्यायाधीशबाईंनी विचारलं, साक्षीदार पोलीस आहे एवढ्यावरून त्याचं जास्त खरं मानाल का? माझ्या शेजारचा गृहस्थ उठून म्हणाला, ‘माझा भाऊ पोलिसात आहे. मी पोलिसाचंच खरं मानणार.’ त्याला कोणी रागावलं नाही. आभार मानून घरी पाठवलं. मी मोठ्या तोऱ्यात, ‘मला जमेल,’ असं सांगितलं, आणि पाच मिनिटांत एका वकिलाने कारण न देता मलाच खोडलं. दिवसभराची रजा, डबा आणि निःपक्षपणा, सगळं घेऊन परत आलो.

आणि कोऱ्या पाटीसारखं डोकं कायद्याने कधी मागितलेलंच नाही. १८०७ साली माजी उपराष्ट्राध्यक्ष आरन बर यांच्यावर देशद्रोहाचा खटला चालला. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी खटल्याआधीच संसदेला कळवून टाकलं होतं की बर यांच्या गुन्ह्याबद्दल शंकाच उरलेली नाही. रिचमंड गावात त्यावर मत नसलेला माणूस सापडेना. सरन्यायाधीश मार्शल यांनी तेव्हा जो फरक केला तो आजही चालतो: पुरावा ऐकून हलेल असं वरवरचं मत असलं तर बसू द्या, आत रुतून बसलेलं असलं तर घरी पाठवा. (ज्युरीचा प्रमुख मार्शल यांचा साडू होता. आज हे चाललं नसतं, चालूही नये.) त्या ज्युरीने दिलेला निकाल वाचण्यासारखा आहे. ‘निर्दोष’ एवढंच न म्हणता त्यांनी सांगितलं की या आरोपपत्राखाली, आमच्यापुढे आलेल्या पुराव्याने, बर दोषी सिद्ध होत नाहीत. मनात काय होतं ते शब्दाशब्दांतून दिसतं, आणि तरी सोडलं.

‘आत गेले की कळप होतो’

ट्रम्प यांचे प्रचारप्रमुख राहिलेले पॉल मॅनाफोर्ट यांचा २०१८ सालचा कर आणि बँक फसवणुकीचा खटला घे. त्या ज्युरीतली एक बाई कट्टर ट्रम्प समर्थक. कोर्टात जाताना ट्रम्पची ती लाल टोपी गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलेली असायची, हे तिनेच नंतर टीव्हीवर सांगितलं. मॅनाफोर्ट दोषी निघू नयेत असं तिला मनापासून वाटत होतं; कागद बघितल्यावर मात्र तिने दोषी म्हटलं. १८ पैकी आठ आरोप सिद्ध झाले. उरलेल्या दहांवर अकरा विरुद्ध एक. दुसरीच एक सदस्य अडून राहिली, बाकीच्यांनी तिला पुन्हा पुन्हा कागद दाखवले, ती म्हणत राहिली की मला शंका आहे. त्या दहा आरोपांवर निकालच लागला नाही. कळप असता तर अठराच्या अठरा लागले असते.

ट्रम्पविरुद्धच्याच दुसऱ्या खटल्यात, लेखिका ई. जीन कॅरल यांच्या दिवाणी दाव्यात, २०२३ साली त्याच मॅनहॅटनमधल्या ज्युरीने लैंगिक अत्याचार झाला असं मानलं, पण बलात्काराचा दावा सिद्ध झाला नाही असंही सांगितलं. द्वेषाने बसलेली माणसं असा बारीक फरक करत बसत नाहीत.

‘लोकमान्यांना ज्युरीनेच मंडालेला धाडलं’

हे खरं आहे, आणि इथेच फॉरवर्डवाल्याने हातातला पत्ता उलटा टाकला.

१९०८ सालचा खटला. ‘केसरी’तले ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे अग्रलेख. सरकारने खास ज्युरी मागितली. तशा ज्युरीत गोऱ्यांचाच भरणा होणार आणि त्यांना मराठी कळणार नाही, असं सांगून टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर बॅप्टिस्टांनी विरोध केला. न्यायमूर्ती दावर यांनी सरकारचं म्हणणं मान्य केलं. शेवटी बसले सात युरोपियन आणि दोन पारशी. लेख मराठीत, ज्युरीपुढे आलं भाषांतर. टिळक स्वतः उभे राहिले, एकवीस तासांहून जास्त बोलले, आणि त्यातला बराच वेळ अमुक शब्दाला इंग्रजीत तमुक शब्द कसा चुकीचा आहे हे समजावण्यात गेला. डोळ्यांपुढे आण: ज्यांनी ‘केसरी’ची एक ओळ कधी वाचली नाही अशा माणसांना मराठीची छटा समजावणारा संपादक.

२२ जुलैच्या रात्री निकाल आला: सात विरुद्ध दोन. कोणी कुठे मत दिलं हे ज्युरी सांगत नाही. पण सात आणि दोन हे आकडे आपण आधी कुठे पाहिले ते तुला आठवत असेल.

आता मधला कळीचा भाग. तेव्हाच्या हायकोर्टात नऊपैकी सहाजण एकमताचे असले आणि न्यायाधीश त्यांच्याशी सहमत असले की निकाल पुरे. १८९७ सालच्या टिळकांच्या पहिल्या राजद्रोहाच्या खटल्यात मतं पडली सहा विरुद्ध तीन, म्हणजे नेमकी लागतात तेवढीच. अमेरिकेतल्या फौजदारी खटल्यासारखी एकमताची अट असती, तर दोन्ही वेळा ज्युरी अडकली असती आणि टिळकांना निदान त्या खटल्यात शिक्षा देता आली नसती. मग मंडालेला कोणी धाडलं? राज्यकर्त्यांच्या माणसांनी भरलेल्या यादीने, बहुमताच्या नियमाने, आणि मान डोलावणाऱ्या न्यायाधीशाने. सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा ज्युरीने ठरवली नव्हती, ती दावरांनी सुनावली. हेच दावर १८९७ साली टिळकांना जामीन मिळावा म्हणून उभे राहिलेले बॅरिस्टर. तेव्हा ‘न्यायाधीश बरे’ म्हणताना जरा जपून.

मॅनहॅटनची यादी अशी नव्हती का? ती मतदार, वाहन परवाना, कर अशा नोंदींतून चिठ्ठ्या निघाव्यात तशी निघते, आणि आरोपीचा वकील त्यातली नावं खोडू शकतो. शंभर टक्के निर्दोष पद्धत नाही. पण ‘त्यांचीही ज्युरी, हीही ज्युरी’ म्हणून दोन्ही एका दोरीत बांधणं म्हणजे गाय आणि गवा एकच म्हणण्यासारखं झालं.

‘नानावटीनंतर आपण ज्युरी बंद केली’

हे इतक्या वेळा सांगितलं जातं की मलाही खरं वाटायचं. नौदल अधिकारी नानावटींनी पत्नीचे प्रियकर प्रेम आहुजांवर गोळी झाडली २७ एप्रिल १९५९ रोजी. ज्युरी रद्द करा अशी शिफारस विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात १९५८ सालीच केली होती, आणि काही राज्यांनी त्याआधीच ज्युरी गुंडाळली होती. कायद्यातून ती पुसली गेली १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, जी १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली. अहवाल गोळी झाडण्याच्या आधीचा आणि कायदा त्यानंतर पंधरा वर्षांनी, मग हे ‘नानावटीमुळे’ कसं? पारशी विवाह कायद्याच्या खटल्यांत तर समाजातून निवडलेले प्रतिनिधी त्यानंतरही न्यायाधीशासोबत बसत राहिले.

त्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने नानावटींना सोडलं, ते चूक होतं, हे मान्य. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने त्यांना नायक करून ठेवलं होतं आणि शहर त्यांच्यासाठी वेडं झालं होतं. हे पूर्वग्रहाचं उदाहरण म्हणून घे, मी भांडणार नाही. पण चूक तिथेच अडली. सेशन्स जज मेहता यांनी निकाल अमान्य करून प्रकरण हायकोर्टात पाठवलं, आणि हायकोर्टाने ११ मार्च १९६० रोजी जन्मठेप दिली. त्याच दिवशी राज्यपालांनी शिक्षा स्थगित करून नानावटींना नौदलाच्या ताब्यात ठेवलं. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. राजकारण शिरलं म्हणतोस ना? ते राजभवनाच्या दाराने शिरलं.

‘बाराजणांची नावं देशाला कळलीच पाहिजेत’

मेसेजमधलं मला सर्वांत खटकलेलं वाक्य हे. मतांची टक्केवारी मांडणाऱ्याला ज्युरीवर बाहेरून येणारा दाब दिसतच नाही, कारण तो स्वतः त्यात भर घालत असतो.

ट्रम्प खटल्यात सुरुवातीला निवडलेल्या सातजणांत एक नर्स होती. नावं गुप्त ठेवली होती, पण काय काम करते, कुठे राहते असे तपशील बातम्यांत आले, एका टीव्ही निवेदकाने तिच्याबद्दल पडद्यावर शंका घेतली. १८ एप्रिलला ती कोर्टात येऊन म्हणाली की नातेवाईक आणि मित्र विचारायला लागलेत, ज्युरीत तूच ना. आता मला निःपक्ष राहता येईल असं वाटत नाही. न्यायाधीशांनी तिला सोडलं आणि ज्युरी सदस्य कुठे नोकरी करतात ते छापू नका असं पत्रकारांना बजावलं. दोन दिवस आधी याच बाईने, मला जमेल, असं शपथेवर सांगितलं होतं. मधल्या दोन दिवसांत तिचं राजकीय मत बदललं नव्हतं, फोन वाजायला लागले होते.

तिची खुर्ची त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कोणीतरी भरली.