एका दाताची किंमत

आज सकाळी भांडुपच्या आमच्या ओळखीतल्या एका पोराला मेल आला. ऑफर मागे घेतली. कारण दिलेलं नाही. भिवंडीच्या गोदामात सुपरवायझरची जागा, दोन इंटरव्ह्यू पास, मेडिकल झालेलं, सेफ्टी शूजचा नंबरसुद्धा विचारून घेतलेला. मग बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचा रिपोर्ट आला, त्यावर लाल शेरा. संपलं. डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे.

लाल शेरा कशाचा, तर कॉलेजात असताना दहीहंडीला झालेल्या मारामारीचा. समोरच्याचा एक दात पडला. भारतीय दंड संहितेत (तेव्हा तीच लागू होती) दात पडणं ही ‘गंभीर दुखापत’, म्हणून थेट कलम ३२५, जोडीला ३४ (म्हणजे अनेकांनी मिळून, एकाच उद्देशाने केलेलं कृत्य). सात वर्षांपर्यंतची शिक्षा असलेलं कलम. पुढे दोन्ही घरच्यांनी बसून मिटवलं, मुलुंडच्या कोर्टाने परवानगी देऊन तडजोड नोंदवली. आणि कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे: तडजोड नोंदली गेली की आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच. आधी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३२०(८) मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५९ मध्ये आहे. कलमाचा आकडा बदलला, अर्थ तोच.

रिपोर्टमध्ये यातलं काहीही नाही. फक्त ‘गुन्हेगारी नोंद आढळली’.

हे रिपोर्ट बनतात कसे, ते एकदा बघा. एजन्सीचा माणूस ई-कोर्ट्सवर, म्हणजे कोर्टांच्या केसेसची माहिती देणाऱ्या सरकारी वेबसाइटवर, नाव टाकतो. तिथे पक्षकाराच्या नावाने शोधलं तर त्या नावाच्या सगळ्यांच्या केसेस येतात, जन्मतारीख दिसत नाही. जाधव, शेख, यादव अशी आडनावं असतील तर बघायलाच नको. केस निकाली निघाली का, कशी निघाली, हे आत शिरून निकालपत्र उघडलं तर कळतं. तेवढा वेळ कोण देतो? पोलिसांकडच्या चारित्र्य पडताळणीतही तेच दुखणं. गुन्हा नोंदल्याची एंट्री लगेच पडते, कोर्टाच्या निकालाची एंट्री मात्र कोणी पाठपुरावा केला नाही तर वर्षानुवर्षं पडत नाही. अदखलपात्र नोंद, म्हणजे आपली एन.सी., ती वेगळी. चॅप्टर केस वेगळी. गणपती-निवडणुकांच्या तोंडावर पोरांना बोलावून एसीपीसमोर बाँड घेतात, ती निव्वळ प्रतिबंधक कारवाई. त्यात गुन्हा सिद्ध होणं दूरच, आरोपपत्रही नसतं. एचआरच्या टेबलावर पोचेपर्यंत या सगळ्याला एकच नाव पडतं: क्रिमिनल.

त्यात नोकरीच्या अर्जाचा फॉर्म. एकाच रकान्यात तीन प्रश्न कोंबलेले असतात: अटक झाली होती का, खटला चालू आहे का, शिक्षा झाली आहे का. उत्तराला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढीच जागा. आमच्या पोराचं खरं उत्तर काय? अटक हो. खटला चालू नाही. शिक्षा नाही. एकाच चौकोनात टिक कशी करायची? सायबर कॅफेवाला सांगतो, ‘नाही’ कर, कोण बघतंय. पोरं करतात, आणि मग ‘माहिती लपवली’ हा नवा गुन्हा मानगुटीवर बसतो, जो मूळ भानगडीपेक्षा महाग पडतो.

सुप्रीम कोर्टाने २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात यावर तीन न्यायाधीशांच्या पीठाचा निकाल दिलाय. किरकोळ प्रकरण, तरुण वय, घोषणाबाजीसारखी गोष्ट असेल तर लपवाछपवीकडेही मालक दुर्लक्ष करू शकतो. खरं सांगितलं असेल तरी पूर्वेतिहास बघायचा मालकाचा हक्क राहतो, पण डोळे मिटून नाही, प्रकरण समजून घेऊन. आणि त्याआधी २०११ मध्ये दिल्ली पोलिसांच्या हेड कॉन्स्टेबल भरतीचं संदीप कुमार प्रकरण. त्यातही ३२५/३४, त्यातही तडजोड, त्यातही निर्दोष, वर फॉर्ममध्ये लपवलेलं. तरी कोर्ट म्हणालं, तरुणपणीच्या चुका माफ करायला हव्यात. म्हणजे पोलिसात चालू शकतं, आणि भिवंडीत खोकी मोजायला चालत नाही? आमच्या पोराने तर लपवलंही नव्हतं!

हो, माहीत आहे, ते निकाल सरकारी नोकऱ्यांचे. खासगी कंपनीला असं बांधणारा कायदा आपल्याकडे नाही. दुखणं तेच आहे. ब्रिटनमध्ये १९७४ पासून कायदा आहे, ठरावीक काळ गेला की बहुतेक जुन्या शिक्षा नोकरीसाठी सांगाव्याच लागत नाहीत. न्यूयॉर्क शहरात २०१५ च्या कायद्याने ऑफर देण्याआधी हा प्रश्न विचारायचाच नाही, आणि नंतर नाकारायचं तर कारण लेखी द्यायचं. आपल्याकडे दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झालेला पुढारी सुटल्यानंतर सहा वर्षांनी पुन्हा निवडणुकीला उभा राहू शकतो. नुसता खटला चालू असेल तर तेवढंही थांबायला नको, प्रतिज्ञापत्रात लिहिलं की झालं. तो मंत्री झालेला चालतो. आमच्या निर्दोष सुटलेल्या पोराला सहा वर्षांचीही सोय नाही.

बरं, शाळेच्या बसवर पोक्सोत शिक्षा झालेला नको, कॅश काउंटरला फसवणुकीत शिक्षा झालेला नको. मान्य. सिक्युरिटी गार्डबाबत तर २००५ च्या कायद्यातच बंदी आहे. पण तिथे कामाचा आणि गुन्ह्याचा संबंध आहे. पडलेल्या दाताचा आणि गोदामाचा काय?

मित्रयादीत एचआरवाले बरेच आहात, म्हणून सांगतो. प्रश्न फॉर्मवरून काढा, निवड झाल्यावर विचारा. विचारायचं ते शिक्षेबद्दल, आणि त्या कामाशी संबंध असलेल्या गुन्ह्याबद्दल. अठराव्या वर्षाआधीचं काही विचारूच नका, २०१५ च्या बालन्याय कायद्याचं कलम २४ एकदा वाचा. कोर्टाने शिक्षेऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर (प्रोबेशनवर) सोडलेला असेल तर १९५८ च्या कायद्याचं कलम १२ वाचा. लाल रिपोर्ट आला तर तो उमेदवाराला दाखवा, कागद आणायला आठवडा द्या आणि तोवर जागा भरू नका. खर्च शून्य.

आणि पोरांनो, केस संपली म्हणून घरी बसू नका. कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून निकालाची सर्टिफाइड कॉपी काढा, एकदम तीन-चार. केस नंबर हरवला असेल तर ई-कोर्ट्सवर सोळा अंकी-अक्षरी सीएनआर, म्हणजे केसचा ओळख क्रमांक, शोधा, सोबत एफआयआर नंबर आणि पोलीस ठाणं लिहून ठेवा. एक कॉपी अर्जासह पोलीस ठाण्यात द्या, रेकॉर्डला निकालाची नोंद घ्या म्हणून, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. फॉर्मवर चौकोन अपुरा पडला तर ‘सोबत पान जोडले आहे’ लिहा आणि पानावर चार ओळी: कलम, कोर्ट, निकालाची तारीख, निर्दोष. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. ठरावीक उत्पन्नाच्या आतल्यांना, तसंच महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना १९८७ च्या कायद्याने वकील फुकट आहे. तुरुंगातून सुटून आलेल्यांसाठी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून मुंबईत काम करतोय, तिथे विचारा.

आमच्या पोराने दुपारी कंपनीला मेल टाकला. सोबत निकालाची कॉपी, ३२०(८) ला पिवळा हायलायटर मारून, आणि एकच विनंती: रिपोर्ट मला दाखवा. भाषा त्याची फार सभ्य आहे, माझी नसती. उत्तर आलं की खाली कमेंटमध्ये टाकतो.